एकतीस कोरी दारं

१४ जानेवारी

वन्संना वहिनीचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तराला उशीर व्हायला कारण काही नाही. बसून राहिले, एवढंच. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. ओरडून दुःख सांगितलं की ते भांडणासारखं वाटतं. त्यापेक्षा कागद बरा.

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. किल्ल्यांची पाटी अजून भिंतीवर आहे. गल्लीत आमचं धरून एकतीस घरं. हे कुलूप-किल्लीवाले, म्हणून बाकीच्या तीसही घरांनी आपली जादाची किल्ली ह्यांच्याकडे ठेवलेली. कुणाची हरवली, कुणाची आत राहिली की ह्यांच्याकडे यायचे. अजून येतात. मी खिळ्यावरून काढून देते, संध्याकाळी परत लावते. माणसांशी माझं बोलणं तेवढंच. दुरुस्तीचे कपडे दुकानदार दाराशी आणून टाकतो आणि दारातूनच नेतो. पँटचे पाय आखूड करायचे, चेन बदलायच्या. उंबरा ओलांडायची गरज पडत नाही. लेक दर रविवारी म्हणते, "आई, आमच्याकडे ये." तिच्याकडे नातवंडांच्या खोलीत एक खाट बसते. मी म्हणते, बघू.

लिहायला बसले ते एका कामासाठी. गेल्या आठवड्यात दाराखालून पालिकेचा कागद आला. तीन भाषांत छापलेला, त्यात आपली नाही. मी शब्दकोश घेऊन बसले. चौथीत शाळा सुटली आणि कपड्यांचे खाके कापायच्या रद्दीवर मी वाचायला शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाहीचा खाका कापला की बातमी खांद्यापाशी संपायची, पुढचं आपणच ओळखायचं. या देशात आल्यावर इथली भाषाही तशीच शिकले. तर कागदात लिहिलंय की या वस्तीचं पुढे काय करायचं ते वस्तीतल्या लोकांनीच सांगावं, त्यासाठी शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे. घरं पालिकेची, आम्ही भाडेकरू, तरी आम्हाला विचारणार म्हणे.

गल्लीतले लोक म्हणतात, तुम्हाला वाचता येतं, तुम्ही चला. तुम्ही बत्तीस वर्षं नगररचनेच्या कार्यालयात काढलीत. खरं सांगा, असं विचारतात का? जाऊ की नको?

तुमची,
वहिनी


२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

जा. विचारतेस काय, जाच.

आमच्या कार्यालयात कुणी कुणाला काही विचारलं नाही. मी तिथे अनुरेखक. साहेबांनी मारलेल्या रेघेवर शाईची रेघ ओढायची, चुकली तर ब्लेडने खरवडायची. त्या रेघेखाली कुणाचं घर येतंय ते रेघेला माहीत नसायचं आणि आम्हालाही. तुमच्याकडे माणसांना बोलावून विचारतात म्हणजे काळ सुधारला असेल.

केस विंचर, चांगले कपडे घाल आणि पुढच्या रांगेत बस. मागच्या रांगेतल्याचं कुणी लिहून घेत नाही. दादा नेहमी काय म्हणायचा आठवतं ना? अर्धी कुलपं बिघडलेली नसतातच, लोक किल्ली उलटी फिरवतात. तू चौदा महिने उलटी फिरवते आहेस. एकदा सुलटी फिरवून बघ.

बैठकीत काय काय झालं ते सगळं लिही. मला इथे दुसरं वाचायला काय आहे? आणि चाळीस वर्षं झाली, आता तरी मला "तुम्ही" म्हणायचं सोड.

वन्सं


२४ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

"तुम्ही" सुटणार नाही. जिभेला वळण पडलंय.

मी गेले. पुढच्या रांगेत बसले. शाळेतल्या त्या खुर्च्या लहान मुलांच्या, त्यात आमचे बेकरीवाले बसले ते उठताना खुर्ची घेऊनच उठले. इतकी हसले वन्सं, की डोळ्यांतून पाणी आलं. मग लक्षात आलं, ह्यांच्यामागे पहिल्यांदाच हसले.

मधे दोन टेबलं जोडून त्यावर आमच्या वस्तीचा नकाशा पसरलेला. पालिकेची बाई म्हणजे पोरगीच, माझ्या लेकीपेक्षा लहान. तिने प्रत्येकाच्या हातात चिकटवायचे ठिपके दिले, सहा हिरवे आणि चार लाल. चांगल्या जागेवर हिरवा लावा, वाईट जागेवर लाल. गल्लीने तिचं नाव लगेच ठेवलं, ठिपकेवाली.

तिचं बोलणं मी आपल्या माणसांना समजावून सांगत होते. सगळे ठिपके हातात घेऊन उभे, कुणी पुढे होईना. शेवटी न्हावी म्हणाला, "माझ्या दुकानाला हिरवा मीच लावू का? स्वतःच्या मयताला स्वतःच रडल्यासारखं व्हायचं."

बेकरीवाले म्हणाले, "मग माझ्या भट्टीला लाव की."

"तुमच्या भट्टीला लावला तर समोरच्या आजी महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत."

"बोलणार नाही म्हणजे नाहीच," आजी मागून म्हणाल्या.

मग मी उठले. म्हटलं, "आपल्या दाराला कुणी हिरवा लावू नका. आपली पाठ आपण थोपटायची नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांतही डावं-उजवं नको. देणारा विचारतोय तर जे आपल्याकडे नाही ते दाखवा." सगळ्यांना पटलं. हिरवे गेले वाचनालयाला, दवाखान्याला, पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरच्या झाडांना आणि कालव्यालगतच्या मोकळ्या जागेला, कारण तिथे बाग व्हावी असं सगळ्यांच्या मनात आहे. लाल गेले आपल्या गल्लीत. तोंडावरचं तुंबणारं गटार, बंद पडलेला दिवा, मागच्या भिंतीची ओल. लाल कमी पडले, आम्ही अजून मागून घेतले.

ठिपकेवालीने नकाशाकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्या गल्लीत चांगलं काहीच नाही?"

आम्ही सगळे हसलो. पाहुण्याने घराला छान म्हटलं की आपण म्हणतो ना, कसलं हो, नुसतं खुराडं आहे, तसं. न्हावी म्हणाला, "कसली गल्ली! उंदीरसुद्धा नाक धरून जातात." तेही मी तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती पण हसली आणि तिने लिहून घेतलं.

नकाशा मार्चअखेरपर्यंत हॉलमध्येच राहील. ज्यांचं राहिलं त्यांनी येऊन ठिपके लावायचे, लावलेले बदलायचे असतील तर बदलायचे. पुढची बैठक एप्रिलमध्ये आहे. मी जाणार.

तुम्ही जा म्हणालात म्हणून गेले. बरं केलंत.

तुमची,
वहिनी


१० मार्च

प्रिय वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. खुर्ची घेऊन उठलेले बेकरीवाले डोळ्यांपुढून हलत नाहीत. तू हसलीस हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

पुढच्या बैठकीलाही जा. प्रत्येक बैठकीला जा. घरात बसू नकोस.

आणखी एक लिहायचं होतं, पण कागद संपत आला.

वन्सं


४ मे

वन्संना नमस्कार.

कागद संपत आला म्हणून लिहिलंत, पण खालचं अर्धं पान कोरंच होतं. डोळे दुखत असणार तुमचे. डॉक्टरांना दाखवा, चालढकल करू नका.

माझं इकडे काय चाललंय ते सांगते. रहिवासी समिती झाली आणि मी तिच्यात आहे! न्हाव्याने नाव सुचवलं, बेकरीवाल्यांनी हात वर केला, माझा नको म्हणणारा आवाज कुणी ऐकलाच नाही. दर गुरुवारी शाळेत बसतो. कुणाला काय हवं ते सांगायचं, ठिपकेवाली मोठ्या कागदावर चित्र काढत जाते, त्यावरून आराखडा करून भिंतीवर लावणार म्हणते. आजींना बागेत सावली हवी. बेकरीवाल्यांना पाण्याचा नळ हवा. मी बाक मागितला. पाठ असलेला. हे आमच्या दोन पायऱ्यांपैकी खालच्या पायरीवर बसून किल्ल्या घासायचे, टेकायला काही नाही म्हणून संध्याकाळी कंबर धरायचे. मी रोज म्हणायचे एक खुर्ची आणू या, आणि आणली तेव्हा ती दारात मावेना, म्हणून आत भिंतीला लावली. हे सगळं तिला नाही सांगितलं. बाक हवा, पाठ असलेला हवा, एवढंच सांगितलं. तिने तसं लिहिलं.

एकदा ती घरी आली. चहा प्याली. किल्ल्यांची पाटी बघून म्हणाली, "या कुणाच्या?" म्हटलं, गल्लीच्या. "सगळे तुमच्याकडे किल्ली ठेवतात?" म्हटलं, हो, ठेवायचे ह्यांच्याकडे, आता माझ्याकडे. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हे नकाशावर कुठे दाखवायचं?" मला वाटलं कौतुकाने म्हणते आहे.

लेकीला कळवून टाकलंय, मी येत नाही. समितीची कामं आहेत, म्हटलं. ती म्हणाली, "आई, तू पुढारी झालीस." म्हटलं, व्हायचं वय झालंच आहे.

तुमची,
वहिनी


२८ जुलै

प्रिय वहिनी,

जून गेला, जुलै चालला. तुझं पत्र नाही. मी जूनमध्ये पाठवलेलं मिळालं का? आराखडा लावला का त्यांनी? काहीही असलं तरी कळव.

वन्सं


१२ ऑगस्ट

वन्संना नमस्कार.

जूनचं पत्र मिळालं होतं. तेव्हा आराखड्याची वाट बघत होते, तो लागला की एकदमच लिहावं म्हणून थांबले. लागला आणि मग लिहवेना. आता लिहिते, एकदाच लिहिते.

जुलैच्या पहिल्या गुरुवारी आराखडा त्याच हॉलमध्ये भिंतीवर लावला. गल्लीतले सगळे गेलो. मी पुढे. बघते तर आमची गल्ली हिरवीगार. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे कुठे खंड नाही. मला वाटलं, आपल्याला चांगलं म्हटलं. मी वळून सगळ्यांना सांगितलं, "मंजूर झाली बरं का आपली गल्ली!" टाळ्या पडल्या. बेकरीवाल्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, उद्या सकाळी सगळ्यांना पाव फुकट. आजींनी माझा हात धरला.

कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचायची मला खोड. हिरव्या चौकोनापुढे लिहिलं होतं, नियोजित बाग. आमच्या घराच्या जागी एक आडवी रेघ होती, शेजारी सात आकडा. खाली सात म्हणजे काय ते दिलेलं. बाक, पाठ असलेला.

मागे अजून टाळ्या चालू होत्या. त्या कशा थांबवल्या ते मला आठवत नाही.

ठिपकेवाली आली. मी विचारलं, बाग तर कालव्याशी मागितली होती. म्हणाली, ती जागा पालिकेची नाही, मिळत नाही. बागेला सर्वांत जास्त मतं पडली, म्हणून बाग तर करायचीच होती, मग जागा तुमच्याच नकाशावरून ठरवली. तिने तो नकाशा काढून दाखवला. कुणीतरी ठिपके मोजून प्रत्येक गल्लीपुढे आकडे लिहिले होते. आमच्या गल्लीपुढे हिरवे शून्य, लाल त्रेचाळीस. खाली टिपण होतं, की रहिवाशांच्याच म्हणण्याप्रमाणे तिथे उंदरांचा उपद्रव आहे. एकतीस दारं कोरी, वन्सं. एकाच्याही दारावर एक हिरवा नाही. वस्तीतल्या दुसऱ्या गल्ल्यांनी आपापल्या दारांवर लावले होते. त्या राहिल्या.

मी म्हटलं, आम्हाला पुन्हा लावू दे. म्हणाली, मुदत मार्चमध्ये संपली, आता तीस दिवसांत लेखी हरकत घेता येईल. आणि म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं. चांगलं काहीच नाही का, असं विचारलं होतं. तुम्ही हसलात." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खोटं बोलत नव्हती. त्यांनी आमचं ऐकलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

बाहेर आल्यावर न्हावी म्हणाला, "तुम्हाला वाचता येतं म्हणून तुम्हाला पुढे केलं." आणि माझ्यासाठी न थांबता पुढे निघून गेला.

सगळ्यांना शहराबाहेरच्या इमारतींत खोल्या देणार आहेत, जशा रिकाम्या होतील तशा, कुणाला कुठे, कुणाला कुठे. डिसेंबरअखेर गल्ली मोकळी करायची आहे. एकतीस हरकती मी लिहिल्या. दिवसाला पाच जमायच्या.

वहिनी


३१ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. आता खोटं लिहून चालणार नाही.

मार्चमध्ये माझा कागद संपला नव्हता, डोळेही ठीक होते. तुझं ठिपक्यांचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुला एक पान लिहिलं होतं. ते सोबत जोडते. त्यावर आठ मार्चची तारीख आहे. पाकिटात घातलं, परत काढलं, आणि दोन दिवसांनी त्याऐवजी दुसरं लिहिलं. पान असं आहे:

"वहिनी, उद्याच्या उद्या हॉलमध्ये जा, सगळ्यांना घेऊन जा. आपापल्या दाराला हिरवे ठिपके लावा. लाज गुंडाळून ठेवा. तुझी सभ्यता नकाशाला कळत नाही. नकाशावर जे कोरं राहतं ते रिकामं धरतात. मी बत्तीस वर्षं तेच केलं."

हे का नाही पाठवलं ते ऐक. आमच्याकडे हरकतींची पोती भरायची. पोतं उघडलेलं मी एकदाही बघितलं नाही. मला वाटलं तुमचाही आराखडा कधीच ठरला असणार, बैठका आणि ठिपके म्हणजे लोकांना गुंतवून ठेवायचा खेळ. तू जानेवारीत विचारलंस तेव्हाही मला हेच वाटत होतं. तरी जा म्हटलं, कारण मला तू घराबाहेर पडायला हवी होतीस. मग तू हसलीस. ठिपके बदल म्हणून सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि मग तू पुन्हा घरात बसली असतीस. मी म्हटलं, खोट्या खेळातले नियम शिकवून हिचा आनंद कशाला घालवू?

ते खरंच मोजतील असं मला वाटलं नव्हतं, वहिनी. एवढ्या वर्षांत कुणी मोजलेलं मी बघितलं नव्हतं.

वन्सं


२० सप्टेंबर

वन्संना,

दोन्ही पानं वाचली.

लहान मूल रडतं म्हणून त्याला अंगणात खेळायला सोडतात, तसं तुम्ही मला सोडलंत. मी तिथे लोकांच्या घरांबद्दल बोलत होते. तुमचं ते पान बावीस-तेवीस मार्चला माझ्या हातात पडलं असतं. आठवडा होता. लोकांनी माझं ऐकलं असतं, तेव्हा ऐकत होते.

पण आपल्या दाराला लावू नका असं मी सांगितलं, तुम्ही नाही. तेवढं मला समजतं. म्हणून तुमच्यावर नीट रागावताही येत नाही.

हरकतींचं उत्तर आलं. एकतीस पाकिटं, आत एकच मजकूर. हरकतीची नोंद घेतली आहे.

वहिनी


१८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

माफी मागत नाही. मागून ती तुझ्या गळ्यात कशाला घालू?

माझ्याकडे अनुरेखनाच्या कापडाची एक गुंडाळी आहे. निवृत्त झाले तेव्हा कुणाला नको होती म्हणून मी घरी आणली. शाई आणि पट्टीही आहे. हात कापतो, पण डाव्या हाताने मनगट धरलं तर रेघ सरळ येते, कालच करून बघितलं.

तू गल्ली मोजून पाठव. सगळी दारं, पायऱ्या, दुकानं, तुझी खोली. मी काढते. त्याचा उपयोग काही नाही हे तुला माहीत आहे आणि मलाही. कुणी बघणार नाही, कुठे दाखल होणार नाही. मला येतं ते एवढंच आहे.

नको वाटलं तर उत्तर देऊ नकोस. मी समजेन.

वन्सं


९ डिसेंबर

वन्संना नमस्कार.

नको वाटलं होतं. महिनाभर पत्र उशाशी ठेवलं. मग आजी गेल्या, म्हणजे नव्या खोलीत गेल्या, सातव्या मजल्यावर, आणि त्यांचं दार उघडंच राहिलं. चार दिवस येता-जाता आतली भिंत दिसायची. पाचव्या दिवशी टेप घेऊन बाहेर पडले.

माझी शिवणाची टेप साठ इंचांची. तिने गल्ली मोजायची म्हणजे चमच्याने विहीर उपसण्यासारखं. वाकून खूण करायची, पुढे सरकायचं, पुन्हा वाकायचं. तिसऱ्या खुणेपाशी न्हावी दुकानातून बाहेर आला. जुलैपासून माझ्याशी बोलला नव्हता. आला, टेपचं दुसरं टोक धरलं आणि उभा राहिला. दोन दिवस धरलं. बोलला एकदाच. "इथे लिहा, आरसा पाच फूट. नेताना फुटणार आहे, पण लिहा." मी लिहिलं. तो कालच गेला.

आता सहा घरं राहिली आहेत. पालिकेने सांगितलंय, प्रत्येक दाराच्या सगळ्या किल्ल्या जमा करा. तीसपैकी अकरा जण आपली किल्ली मागायला आलेच नाहीत. बेकरीवाल्यांना फोन केला, तर म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडे. आत राहिली तर कुणाकडे जाणार?" मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी फोन ठेवला. ठिपकेवाली किल्ल्या न्यायला आली होती. खिळ्यावरून एकेक काढताना कुणाची कुठली ते मी सांगत होते, ती चिठ्ठ्या बांधत होती. जाताना तिने माझ्यासमोर हात जोडले. त्यांच्यात असं करत नाहीत. कुठे शिकली कोण जाणे.

मी तीस तारखेला लेकीकडे जाते. नातवंडांच्या खोलीत. पत्ता मागे लिहिला आहे. वाचनालय तिथे लांब आहे म्हणते.

मापं सोबतच्या सात पानांवर आहेत. डावी बाजू आधी, मग उजवी. दारं मी त्या त्या घराच्या धंद्याने लिहिली आहेत, तुम्ही तशीच लिहा. बेकरीच्या भिंतीला वाफेने फुगवटा आला आहे, तिथे रेघ सरळ ओढू नका, दोन इंच बाहेर घ्या. आजींच्या दाराशी कुंडीचा गोल डाग आहे, नऊ इंच. गटार आहे तिथे गटारच दाखवा, ते खोटं नव्हतं.

आमच्या पायऱ्या दोन. खालची साडेसात इंच उंच, मधे झिजलेली, झीज अर्धा इंच. खोली अकरा फूट दोन इंच बाय नऊ फूट. किल्ल्यांच्या पाटीमागे भिंतीचा रंग जुना आहे, तेवढा चौकोन वेगळा दिसतो, अडीच फूट बाय दीड. खिडकीपाशी माझं मशीन. त्याच्यासमोर, जमिनीपासून तीन फूट चार इंचांवर, भिंतीला तेलाचा डाग आहे. खुर्चीत बसून हे डोकं टेकायचे ती जागा. दर वर्षी मी तिथे रंग मारायचं म्हणायचे आणि दर वर्षी राहायचं. डाग तळहाताएवढा. तो कसा दाखवतात मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. कसाही दाखवा, पण तिथे कोरं सोडू नका.

वहिनी